वेगाचं निमित्त

थंडी पडली की आमच्या के. आर. पुरमच्या कोपऱ्यावर अवरेच्या शेंगांची हातगाडी येऊन उभी राहते. मी पुण्याची. आमच्याकडे याला पावटा म्हणतात, त्याची कधीमधी उसळ करतात आणि विषय संपवतात. बंगळुरात विषय संपत नाही. इथे थंडी सरेपर्यंत उप्पिटात अवरे, सारात अवरे, रोटीत अवरे, चिवड्यात अवरे. पाहुणा आला तर त्याच्याही पुढ्यात शेंगांचा ढीग ओततात आणि बोलता बोलता सोलायला लावतात. धुकं जितकं दाट तितका शेंगेला वास जास्त. तो तेलकट, उग्र वास एकदा बोटांना लागला की साबणाला दाद देत नाही. माझी नणंद, अक्का, त्याला 'सोगडु' म्हणते आणि डोळे मिटून हुंगते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला तो वास घासलेटाच्या जवळचा वाटायचा.

यंदाची गाडी परवा आली. मी एक शेंग मोडून नाकाशी नेली आणि मागचा हिवाळा जसाच्या तसा पुढ्यात येऊन उभा राहिला. आठवणी काढत बसायची मला मुळीच हौस नाही. फोनमधली जागा भरली की मी जुने फोटोसुद्धा पुसून टाकते. पण नाकाला कोण शिकवणार? गाडीवाला "स्वल्प जास्ती, अम्मा?" म्हणून विचारत होता आणि मी शेंग हातात धरून तशीच उभी होते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात दोनच उद्योग चालले होते. अक्का आणि मी अवरे सोलत होतो, आणि माझा नवरा श्रीपाद क्रोनोग्राफ निवडत होता.

हे क्रोनोग्राफ प्रकरण आधी सांगून टाकते, कारण आमच्याच घरात ते कुणाला नीट कळलं नव्हतं. श्रीपादला नेमबाजीचा नाद आहे. आठवडाभर तो बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात, दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मोजतो, नापास करतो आणि शिव्या खातो. रविवारी सकाळी शिवाजीनगरच्या रेंजवर जाऊन एअर रायफलने समोरच्या कागदावर छर्रे मारतो. कागदाच्या मधोमध मोहरीहून लहान ठिपका असतो. त्यावर छर्रा बसला की हा माणूस पुढच्या रविवारपर्यंत प्रसन्न असतो. छर्रा नळीतून किती वेगाने सुटतो ते मोजणारं यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ. रायफलमधली दाबलेली हवा दर वेळी सारखीच सुटायला हवी. एकदा कमी, एकदा जास्त झालं तर नेम बरोबर धरूनही छर्रा चुकतो. दिवाळीनंतर श्रीपादचे छर्रे चुकायला लागले होते. रायफलचा वेग बिघडलाय, असं त्याने जाहीर केलं आणि तो यंत्राच्या शोधाला लागला.

अक्काची मात्र ठाम समजूत, की तो घड्याळ घेतोय. अक्का त्याची थोरली बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आमच्यातच राहते. यांचं घराणं कित्येक पिढ्यांमागे इकडे येऊन स्थिरावलेलं. मराठी घरात टिकली, पण कानडीच्या पाण्यात चांगली भिजून. कुठल्याशा दुकानाच्या काचेत एका मनगटी घड्याळाखाली तिने 'क्रोनोग्राफ' लिहिलेलं वाचलं होतं. झालं.

"अय्यो, केवढं शोधतोस रे घड्याळ! टाइम दाखवलं म्हणजे सरी की नाही?"

"अक्का, घड्याळ नव्हे. गोळीचा वेग मोजतं ते."

"गोळी सुटली की गेली. सुम्ने कशाला मोजायची तिला?"

सरी म्हणजे ठीक, सुम्ने म्हणजे उगीचच. अक्काच्या बोलण्यात या शब्दांशिवाय दिवस उजाडत नाही. तिने आपल्या समजुतीप्रमाणे नातेवाइकांनाही कळवून टाकलं. मग मावसभावांचे फोन येऊ लागले, कुठल्या कंपनीचं घेतोयस, पट्टा चामड्याचा की स्टीलचा. श्रीपाद प्रत्येकाला शांतपणे रायफल, छर्रा, हवेचा दाब असं पहिल्यापासून समजावून सांगायचा. एरवी इतकी चिकाटी त्याच्यात नाही.

रविवारी रेंजवर जाताना आम्ही के. आर. पुरमच्या झुलत्या पुलावर अडकायचो. होय, रविवारीसुद्धा. खालून आगगाडी निघून जायची आणि आम्ही वर तिथेच. पुढे बस, मागे टेम्पो, डावीकडे आमच्या आरशाला कोपर टेकवून निवांत उभा राहिलेला दुचाकीवाला. काच खाली केली की धूर, वर केली की श्रीपाद. त्या दिवसांत गाडी मी चालवायचे, कारण त्याला फोनवर यंत्रांविषयी वाचायचं असायचं. म्हणजे तसं तो म्हणायचा.

"हे बघ मेधा, पहिल्या प्रकारात दोन खिडक्या असतात. छर्रा पहिलीवरून गेला की सावली पडते, दुसरीवरून गेला की पुन्हा पडते. मधला वेळ यंत्र मोजतं."

"मग घे की ते."

"पण रेंजवर ट्यूबलाइट आहेत. त्या लुकलुकतात. आपल्याला दिसत नाही, पण यंत्राला तीही सावलीच वाटते."

"मग दुसरं घे."

"दुसरं नळीच्या तोंडालाच बसवतात. त्याने पुढचं वजन वाढतं. मग माझा हात..." इथे तो थांबायचा. "म्हणजे तोल बदलतो."

"आणि तिसरं?"

"ते रडारचं. नुसतं बाजूला ठेवायचं. पण शेजारच्याने मारलेली गोळीही तेच मोजतं म्हणे. काही जणांची तक्रार आहे."

प्रत्येक यंत्रात त्याला एक खोट सापडायची, आणि ती सापडली की त्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. कारखान्यात हा माणूस पेटीभर माल एका नजरेत पास-नापास करतो. घरचा फ्रिज त्याने दुकानात शिरल्या शिरल्या ठरवला होता. आणि हे तळहाताएवढं यंत्र दिवाळीपासून नाताळापर्यंत ठरत नव्हतं. बस हलायची, आम्ही चार हात पुढे सरकायचो आणि पुन्हा दोन खिडक्यांपाशी यायचो.

मला काय माहीत होतं, ते आता सांगते. गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी श्रीपाद बातम्या बघत बसला होता. उजवा हात सोफ्यावर मोकळा टाकलेला. त्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू फिरत होतं, आपलं आपणच. त्याचं लक्षही नव्हतं. माझ्या हातात मोदकांचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेले.

आमच्या घरात या हालचालीला नाव आहे. तिला वाती वळणं म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरे, अण्णा, बाल्कनीतल्या खुर्चीत बसून असेच कापसाशिवाय वाती वळायचे. आल्यागेल्याला घरचे हसून सांगायचे, "अण्णा वाती वळतायत," आणि अण्णाही हसायचे. डॉक्टरांनी दिलेलं इंग्रजी नाव कुणी उच्चारत नसे. पुढे चमचा तोंडापर्यंत पोचेना, मग पाऊल उचलेना, मग बोलणं कळेना, तरी घरात दुखण्याचं नाव तेच राहिलं. अण्णा गेल्यानंतर एकदा श्रीपाद मला म्हणाला होता, "आजार त्यांना आधीपासूनच होता. पण डॉक्टरांनी नाव सांगितलं, त्या दिवशी ते म्हातारे झाले. आदल्या दिवशी स्कूटरवरून शिवाजीनगरला जाऊन भाजी आणली होती त्यांनी. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या हातातून पिशवीसुद्धा काढून घेतली."

हे ऐकलेलं असताना मी काय बोलायचं होतं, सांगा. 'तुझा हात बघ' असं म्हणायला तीन शब्द पुरतात. पण ते माझ्या तोंडून निघाले असते तर त्याला म्हातारं करणारी मी ठरले असते. आणि न बोलावं तर दिवस चालले होते, औषधाने काही होणार असेल तर तेही लांबत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. मला राग यायचा. त्याचा यायचा, त्या यंत्रांचा यायचा, रस्त्यावरच्या बसचाही यायचा. त्याच्या हाताकडे आपण बघत नाही आहोत हे दाखवण्यात माझी मान अवघडून जायची. ऑफिसमधली एक मुलगी म्हणाली, खुर्ची बदलून घ्या.

या शहरात कुणी कुठेही अडकलं की लोक म्हणतात, 'स्वल्प अड्जस्ट माडी', जरा सांभाळून घ्या. बसमध्ये म्हणतात, लिफ्टमध्ये म्हणतात, लग्नाच्या पंगतीतही म्हणतात. माझ्या शाळेतल्या मराठीत हा स्वल्प मला फक्त विरामाच्या आधी भेटला होता. त्या हिवाळ्यात आमचं घर अशाच एका स्वल्पविरामापाशी येऊन थांबलं होतं. पुढचं वाक्य काय, ते मला ठाऊक होतं. आणखी कुणाला ठाऊक होतं की नाही, तेवढं ठाऊक नव्हतं.

तेही एका दुपारी कळलं. अवरेचे दाणे रात्रभर भिजत घातले की त्यांची साल सुटते. दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबायचा, आतली डाळ टुणकन उडून पातेल्यात पडते. या कामात श्रीपाद लहानपणापासून पटाईत. भावाबहिणीची शर्यत लागायची, पातेलं लांब ठेवून. त्या दिवशी अक्काने भिजलेल्या दाण्यांचं भांडं त्याच्यासमोर सरकवलं.

"ये की श्री, स्वल्प बस माझ्याबरोबर."

"मला वाचायचंय अक्का."

"घड्याळाचंच ना? पळून जातंय होय ते?"

तो बसला. पहिला दाणा त्याच्या चिमटीतून निसटला आणि सोफ्याखाली गेला. दुसरा चुरगळला. तिसरा त्याने बराच वेळ नुसताच बोटांत धरला आणि मग भांड्यात परत टाकला. "यंदाची अवरे चांगली नाही," तो म्हणाला. "साल सुटत नाही."

माझ्या आणि अक्काच्या बोटांखाली साली नुसत्या गळून पडत होत्या. अक्काने मान वर केली नाही. "हो रे बाबा," ती म्हणाली, "यंदा साल घट्टच आहे." आणि तिने भांडं आपल्याकडे ओढून घेतलं. तो उठून गेल्यावर आम्ही दोघी बराच वेळ सोलत बसलो. त्या दिवशी डाळ जरा जास्तच झाली, ती शेजारी दिली.

आपल्या भाषेत 'नेम' हा एक मोठा लबाड शब्द आहे. रायफल खांद्याला लावून धरतात तो नेम. अक्का शनिवारी एकवेळ जेवते तोही नेम. आणि ज्या गोष्टीची खात्री नाही तिच्याविषयी आपण म्हणतो, तिचा काही नेम नाही. श्रीपादला रविवारचा नेम चुकवायचा नव्हता, कागदावरचा नेम चुकत होता, आणि उद्याचा नेम नव्हता. शाळेत असते तर तिन्ही अर्थांची वाक्यं करून दाखवून मी गुण मिळवले असते. घरात राहून त्या शब्दाचं काय करायचं ते कळत नव्हतं.

रेंज म्हणजे शिवाजीनगरमधल्या एका गॅरेजमागचं जुनं गोदाम. बाहेर बसचे हॉर्न, टायर जळल्याचा वास, सकाळपासूनच चढवलेल्या बिर्याणीच्या हंड्या. आणि आत दार लावलं की लांबट, बिनखिडक्यांची खोली. आत गेलं की मला नेहमी वाटायचं, आता बाहेर जायचं झालं तर कुणाची तरी परवानगी काढावी लागेल. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. तिथले प्रशिक्षक देवय्या सर, फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे कोडगूचे. एका रविवारी ते नव्या पोरापोरींना शिकवत होते आणि मी ऐकत होते.

"स्पीड कम हुआ तो छर्रा नीचे. ज्यादा हुआ तो ऊपर. बस. लेफ्ट-राइट जाता है तो रायफल को गाली मत दो. वो हाथ का काम है."

श्रीपाद शेजारीच नळी पुसत होता. त्याचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा पुसायला लागला. मी त्याच्या पिशवीतून त्या दिवसाचे कागद काढले. छर्ऱ्यांची भोकं ठिपक्याच्या डावीकडे होती, उजवीकडे होती, आडवी फाकलेली. वर-खाली जवळजवळ नव्हतीच. आणि हे मला देवय्या सरांमुळे आज कळत होतं. श्रीपादला पहिल्या दिवसापासून कळत असणार. मोजमापात त्याचा जन्म गेलाय. मी कागद होते तसे घडी करून ठेवून दिले.

म्हणजे तो यंत्र शोधत नव्हताच. यंत्र ठरत नाही तोवर रायफल संशयित होती. आणि रायफल संशयित आहे तोवर दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची वेळ येणार नव्हती. तेवढ्या आडोशाला तो राहत होता. मला रडूच आलं, पण ती खोली रडण्याजोगी नव्हती. परतताना पुलावर अडकलो तेव्हा तो नेहमीसारखा वाचू लागला, "हे एक बरं वाटतंय," आणि मी म्हणाले, "याची बॅटरी पटकन उतरते म्हणे. मी कुठेतरी वाचलं." मी कुठेही वाचलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. नंतर कितीतरी रविवार मी त्याला एकेक खोट पुरवत गेले. एकाचा आकडा उजेडात दिसत नाही, एकाचे पाय डळमळीत आहेत, एकाची दुरुस्ती इथे होत नाही. बायकोने नवऱ्याला सत्य दाखवावं वगैरे मला कुणी सांगू नये. अंधारात कोंडलेल्या माणसाशेजारी जाऊन बसणं हेही काही कमी नसतं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

आता औषधं चालू आहेत. हात बराचसा ऐकतो. भेटायला येणारे हळूच विचारतात, तेव्हाच का नाही दाखवलंत? विचारणाऱ्याचं काय जातं! मी त्यांच्यापुढे चिवड्याची बशी ठेवते आणि विषय पावसाकडे नेते.

आमचा आडोसा मोडला तो देवय्या सरांच्या चांगुलपणाने. संक्रांतीच्या सुमाराच्या रविवारी आम्ही रेंजवर पोचलो तर टेबलावर क्रोनोग्राफ मांडलेला. दोन खिडक्यांचाच, पण वर स्वतःचे दिवे असलेला, म्हणजे ट्यूबलाइटची अडचणही नाही. सरांनी कुणा फौजी दोस्ताकडून खास मागून आणला होता. "कितना ढूंढोगे सर? लीजिए, आज टेस्ट करके देखिए." चारजण कौतुकाने गोळा झाले. निवडायला काही उरलं नव्हतं. मी म्हणाले, "आज नको, आपल्याला लवकर निघायचंय ना?" पण श्रीपाद रायफलच्या पिशवीची चेन उघडायला लागला होता.

सरांनी रायफल टेबलावरच्या वाळूच्या पिशव्यांवर टेकवायला लावली. तिला श्रीपादचा हात लागला तो फक्त घोड्यापुरता. फट् असा आवाज, यंत्रावर आकडा. पुन्हा फट्, पुन्हा आकडा. सर मोठ्याने वाचत होते आणि प्रत्येक आकडा आधीच्याच्या शेजारचा निघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात एखाद्या वस्तूला हात जोडून सांगत होते की बिघड, एकदा तरी बिघड. रायफल बिघडली नाही. श्रीपादने शेवटचा छर्रा मारला, तोही तसाच.

"सरी इदे सर! एकदम फर्स्ट क्लास रायफल!" देवय्या सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाकीचेही म्हणाले, वा सर, टेन्शन गेलं. श्रीपादने हसून सगळ्यांना थँक्यू म्हटलं. एकेक जण आपापल्या जागी गेला आणि पुन्हा चारी बाजूंनी फट् फट् सुरू झालं.

तो येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. रायफल टेबलावर तशीच. मग त्याने उजवा हात उचलला आणि माझ्या मांडीवर उताणा ठेवला.

"धर," तो म्हणाला.

मी धरला. दोन्ही हातांनी धरला. तो माझ्या ओंजळीत थरथरत होता, आणि कितीही घट्ट धरला तरी थांबत नव्हता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गणपतीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू यंत्र निवडत होतास ना."

त्याने मान हलवली. हात काढून घेतला नाही.

"मला उन्हाळ्यापासून माहीत आहे," तो म्हणाला. "तुला कळू नये म्हणून तर निवडत बसलो होतो."